नारळ पुढे, मामा मागे

ठाण्याला लग्नाला जायचे असेल तर वाचकहो, सरळ आगगाडीने जा. आम्ही होडीने गेलो, कारण मी कल्याणच्या शाळेत भूगोल शिकवतो आणि ते शहाणपण कुठेतरी मिरवायचे होते. लग्न भाचीचे, चिमीचे. तिला उचलून बोहल्यावर न्यायचा मान मामाचा. बिचारीला मामा एकच, तोही असला!

ओहोटी लागताच निघालो. खाडीवरचा वारा झकास, दशम्या-लोणचे त्याहून झकास. ऊन चढायच्या आत खाऊन घ्यावे. मुंब्र्याला डोंगराचे टोक पाण्यात उतरते, त्याच्या अलीकडे बायकोने खाडीला नारळ वाहिला. तांडेल पास्कू होडी मध्यावर घालू लागला, तसा मी ओरडलो, "अरे, काठ धर! प्रवाह काठाकाठानेच धावतात, पुस्तकात आहे!"

"मास्तर म्हनतात तर आसंल," म्हणत त्याने होडी वळवली.

टोकापाशी प्रवाहाने काठ सोडला आणि तो सरळ निघून गेला. टोकाआडचे पाणी उलटे फिरत होते, त्यात आम्ही. वल्ही मारली तरी गोल, नाही मारली तरी गोल.

"अहो, नारळ बघा कुठे पोचला!" बायको म्हणाली. "तो तरी वेळेवर जाईल लग्नाला."

हात सोलून निघाले तेव्हा कुठे सुटलो. मांडवात शिरलो तर अक्षता पायाखाली पडलेल्या. चिमीला शेजारच्या काकांनी उचलून नेले होते.

"मामा, कुठे होतास रे?" ती रडवेली होऊन म्हणाली. मी सगळे सांगितले, मांडवात गरगर फिरूनही दाखवले. ती खुदकन हसली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले होते.

दुसऱ्या दिवशी पाठवणी. सासर वसईकडचे, जाणे होडीनेच. पाणी ओसरलेले, होडी चिखलापलीकडे उभी. मी धोतर खोचले. "आज कुणी मध्ये यायचे नाही," म्हणालो आणि गुडघाभर चिखलातून चिमीला उचलून नेले. होडी जवळ आली तशी तिने माझी मान घट्ट धरली.

"मामा, आमची होडीपण काठाकाठानेच न्यायला सांग ना. मग ती टोकाशीच फिरत राहील."

परत आलो ते आगगाडीने. पुस्तकाचे पुढचे पान आता वाचले. टोक आले की प्रवाह किनारा सोडतो, असे तिथे स्वच्छ लिहिले आहे. धोतराचा चिखल निघत नाही म्हणून बायको बडबडते आहे. मी ऐकून घेतो. पाठवणीच्या दिवशी चिमीच्या होडीच्या तांडेलाला मी तसे काहीच सांगितले नाही, ते मात्र मनातून जात नाही.