मिसळ आणि गाडीचा नंबर

साताऱ्याच्या अलीकडे हायवेला एक मिसळीचं हॉटेल आहे. तिथल्या मावशी ऑर्डर घ्यायच्या आधी दारातल्या गाडीची नंबरप्लेट वाचतात. एमएचच्या पुढचा आकडा जिल्हा सांगतो आणि जिल्हा कळला की तिखट किती घालायचं ते कळतं, अशी त्यांची पक्की समजूत. नऊ म्हणजे कोल्हापूर, कट वरपर्यंत. बारा म्हणजे पुणे, जरा बेतानं.

परवा मी तिथं बसलो असताना नऊ नंबरची गाडी आली. मावशींनी त्या गृहस्थापुढे लालभडक मिसळ ठेवली. पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मावशी, गाडी सेकंडहँड घेतलीय. आम्ही गुहागरचे," तो नाक पुसत म्हणाला.

मावशींनी दह्याची वाटी आणून दिली.

मला गंमत वाटली. सरकारनं आकडे दिले ते कागद नीट लावता यावेत म्हणून. त्यांत ही चव, हा बोलण्याचा हेल कुणी भरला असेल? आणि माणूस गाव सोडतो, तेव्हा त्याचा आकडा कुठं राहतो? माझ्या गाडीवर कित्येक वर्षं बाराच आहे.

"मावशी, थोडा कट वाढा."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर माझ्या गाडीकडे.

"मूळचे कुठले तुम्ही?"

पुण्यात हे मला बऱ्याच वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

"परभणी," मी म्हणालो. "बावीस."