अर्ध्यावर कापलेलं वचन

ज्या चिठ्ठीमुळे माझी मावशी मरायला तयार झाली, ती मीच लिहिलेली होती. हे सगळ्यांपुढे कबूल करायला मला चार वर्षं लागली. आमच्या चर्चच्या मंडळीत साक्ष देताना लोक आजार सांगतात, संकट सांगतात, आणि मग देवाने कसं सोडवलं ते सांगतात. माझ्या साक्षीत संकट मी स्वतःच होतो.

किन्हीराजात आमची ख्रिस्ती घरं मोजून अकरा. आई लवकर गेली, म्हणून मार्थामावशीने मला वाढवलं. ती रोजमजुरी करायची, अक्षरओळख नव्हती, पण शेतातून येताना कोणी वाटलेलं पत्रक सापडलं की जपून घरी आणायची. धर्माचं, निवडणुकीचं, औषधाचं, काहीही. त्या कागदांवर मी वाचायला शिकलो. विसाव्या वर्षी मी स्वतः पत्रकं लिहून मंगरूळपीरला छापून आणू लागलो होतो. गल्लीपलीकडे आनंदा राहायचा. त्यांचं घर छप्पन सालानंतर बौद्ध झालेलं, आणि तोही माझ्यासारखाच पत्रकांवर पोसलेला. आम्ही दोघं एसटीच्या थांब्यावर बसून तासन्‌तास भांडत असू.

त्या वर्षी वाद होता भविष्यवाणीचा. मी पत्रक काढलं होतं, ‘शब्द टळत नाही’. पवित्र शास्त्रात संदेष्ट्यांनी जे सांगितलं ते अक्षरशः घडतं, माणसाने कितीही धडपड केली तरी त्यात काडीचा फरक पडत नाही, असा त्याचा सूर. आनंदाने ते वाचून घडी घातली आणि विचारलं, “तुमच्या येशूनं त्याच्या चेल्याले, पेत्राले, आधीच सांगतलं ना, तू मले तीनदा नाकारशीन म्हनून? मंग त्या बिचाऱ्याच्या हातात काय होतं? रडाले काहून लावलं त्याले?”

मी माझा ठरलेला दाखला दिला. टेकडीवर उभ्या माणसाला वळणाच्या दोन्ही बाजूंनी येणाऱ्या बैलगाड्या दिसतात. त्या धडकणार हे त्याला कळतं, पण तो काही त्यांना ढकलत नाही. देव तसा पाहतो.

“मंग टेकडीवरून वरडत काहून नाई तो?” आनंदा म्हणाला.

मी हसण्यावारी नेलं. हरलो हे त्याला कळू द्यायचं नव्हतं.

आमच्याकडे नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सकाळची उपासना संपली की वचन काढायची रीत आहे. मिठाईच्या पत्र्याच्या डब्यात शास्त्रातल्या वचनांच्या चिठ्ठ्या असतात. प्रत्येकाने प्रार्थना करून एक उचलायची. ते त्याचं वर्षभराचं वचन. चिठ्ठ्या लिहायचं काम अक्षर चांगलं म्हणून माझ्याकडे होतं. दरवर्षी डब्यात फक्त गोड वचनं असायची: मी तुझ्याबरोबर आहे, भिऊ नको, तुला काही उणे पडणार नाही. मला त्याची चीड यायची. देवाचा इशारा वगळून नुसता आशीर्वाद वाटणं हा खोटेपणा आहे असं मला वाटायचं. मग कोणाला न विचारता मी त्या वर्षी सहा कडक वचनं डब्यात टाकली. आणखी एक सांगतो, कारण अर्धवट कबुलीला अर्थ नाही. मंडळीचे एक वडीलधारे होते, त्यांच्याशी माझं पटत नसे. त्या सहांतलं एखादं त्यांच्याच हाती लागावं असं मला मनातून वाटत होतं.

सहापैकी एक होतं आजारी राजाला संदेष्ट्याने दिलेल्या निरोपाचं: घरची निरवानिरव करून ठेव, तू आता वाचत नाहीस. शिल्लक राहिलेल्या माझ्याच पत्रकांच्या मी दोन बोटं रुंद पट्ट्या कापल्या होत्या. एवढंच वाक्य पट्टीवर बसलं.

ती चिठ्ठी मावशीने काढली.

तिला वाचता येत नव्हतं, म्हणून ती नेहमीप्रमाणे चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आली. मला खोटं वाचता आलं असतं. पण मी तत्त्वाचा माणूस. जे लिहिलं होतं तेच वाचलं. तिने पदर सारखा केला, चिठ्ठी चोळीत ठेवली आणि म्हणाली, “बरं झालं सांगतलं. तयारी करता येते.”

तिला क्षय होता. दिवाळीपासून मंगरूळपीरच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या चालू होत्या, आणि सुया टोचायला गावातल्या नर्सबाई घरी येत. खोकल्यातून रक्त पडणं थांबलं होतं. त्या दिवसापासून तिने सगळं बंद केलं. नर्सबाई आल्या की ती मागच्या दाराने शेतात निघून जाई. मी आधी समजावलं, मग भांडलो, शेवटी सांगून टाकलं की ती चिठ्ठी देवाने नाही, मी लिहिलीय, मी डब्यात टाकलीय, मला अक्कल नव्हती. ती चुलीपुढे बसली होती. तिने लाकूड पुढे सरकवलं.

“तुह्या हातानं लिहिली. पन माह्या हातात कोनं देल्ली? इतक्या चिठ्ठ्या होत्या. अन् तूच त लिहतं ना, शब्द टळत नाई म्हनून. का ते दुसऱ्यायसाठी होतं?”

माझं पत्रक तिने कोणाकडून तरी वाचून घेतलं होतं. ते तिला माझ्यापेक्षा नीट कळलं होतं.

जानेवारी गेला, फेब्रुवारीही सरत आला. ती एकेक वस्तू वाटू लागली. उखळ शेजारणीला, घोंगडी आनंदाच्या आईला. आनंदा ती घोंगडी परत घेऊन आला आणि मला बाहेर बोलावून एवढंच म्हणाला, “तू जिंकला लेका. आता सुटका कर तिची.” त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी प्रार्थना करायला बसत असे आणि शब्द येत नसत. देवाकडे काय मागायचं? त्याने लिहिलेलं खोडावं, की मी लिहिलेलं? रात्री तिचा खोकला ऐकू यायचा, आणि मला माझ्या टेकडीवरचा तो माणूस आठवायचा. तो गप्प उभा होता आणि मी त्याला देव म्हणत होतो.

राहता राहिला पाणी भरायचा पितळेचा गुंड. तो मंगरूळपीरला तिच्या भाचीला द्यायचा होता. ती एकटी जाऊ शकत नव्हती, म्हणून मी गुंड मांडीवर घेऊन तिच्याबरोबर एसटीत बसलो. शेलूबाजारच्या पुढे गाडीचं चाक बसलं. सगळे उतरले. रस्त्याकडेच्या निंबाखाली एक म्हातारी मुसलमान बाई आधीच बसली होती, लेकीसाठी दर्ग्याला निघालेली. तिने मावशीला जवळ जागा दिली, आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं आणि गुंडाकडे पाहून विचारलं, “कोनाचं लगन हाय का बाई?”

“लगन नाई. वाटनी हाय,” मावशी म्हणाली, आणि ओळख ना पाळख त्या बाईला तिने सगळं सांगितलं. आजार, डबा, वचन. चोळीतून चिठ्ठी काढून दाखवली. दोघींनाही वाचता येत नव्हतं. दोघी त्या कागदाकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

मग त्या बाईने विचारलं, “अल्लानं चिठ्ठी धाडली, बराबर. मंग त्वा जबाब काय देल्ला?”

“जबाब?”

“चिठ्ठी आली त जबाब द्या लागते ना बाई. गप बसलं त त्याले काय समजन?”

मावशीने चिठ्ठीची घडी घातली. तो प्रश्न खरा मला लागला. कारण त्या राजाची पुढची गोष्ट मला पाठ होती. निरोप ऐकून राजाने भिंतीकडे तोंड वळवलं, तो रडला, त्याने विनवलं; आणि संदेष्टा वाड्याबाहेर पडतो न पडतो तोच देवाने त्याला माघारी पाठवलं: जा, सांग त्याला, तुझे अश्रू पाहिले, तुला आणखी पंधरा वर्षं दिली. हे त्याच पानावर आहे. चिठ्ठी लिहिताना ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. पट्टी पुरली नाही हे खरं, पण दुसरी पट्टी घेता आली असती. मी घेतली नाही, कारण पुढचा भाग माझ्या पत्रकाच्या विरुद्ध जात होता. पत्रकं लिहिणाऱ्यांना वाक्य सोयीच्या जागी कापायची सवय लागते. मला ती फार लवकर लागली होती.

निंबाखाली बसून मी मावशीला ती गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं.

“मंग त्वा मले अर्धंच काहून देल्लं?”

मी म्हणालो, कागद पुरला नाही. 

दुसरी गाडी आली. म्हातारी पुढच्या बाकावर बसली आणि मंगरूळपीरला दर्ग्याच्या वाटेने निघून गेली. तिचं नावही आम्ही विचारलं नाही. मावशीने भाचीच्या घराची वाट धरली नाही. स्टँडवरच बसून मला म्हणाली, “लिही.” चिठ्ठीच्या पाठीवर माझ्याच पत्रकाचा छापील मजकूर होता. त्या ओळींवरून आडवं, बारीक अक्षरात मी ती सांगेल तसं लिहिलं: “प्रभू, तुह्यी चिठ्ठी भेटली. पंधरा वर्सं नाई मांगत. बकरी गाभन हाय, ह्या पोराले अजून अक्कल नाई. मी सुया घेऊन पाह्यतो. मंग तुह्यी मर्जी.”

दवाखान्यात कंपाउंडर चिडला. दोन महिने कुठं होत्या बाई, म्हणाला. रजिस्टरवर तिचा अंगठा घेतला. तिने तोच शाईचा अंगठा माझ्या हातातल्या चिठ्ठीवर उमटवला. गुंड तिने परत नेला. पाणी कशात भरायचं, म्हणाली.

ती अडीच वर्षं जगली. बकरीची तीन वेतं पाहिली. मग एका आश्विनात छाती पुन्हा भरून आली आणि गोळ्यांनी काम केलं नाही. मध्येच औषध सुटलं की असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. ते दोन महिने कोणाचे, हे मला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक होतं. शेवटच्या आठवड्यात ती मला म्हणाली, “जबाब देल्ला होता म्या. त्यानं आयकला. आता बोलाची पाळी त्याची, आयकाची माह्यी.” आणि भिंतीकडे नाही, दाराकडे तोंड करून पडून राहिली.

तिच्या मातीहून परतताना आनंदाने विचारलं, मग भविष्य खरं ठरलं की खोटं? ती गेली म्हणजे चिठ्ठी खरी झाली. अडीच वर्षं राहिली म्हणजे टळली. मला माहीत नाही, असं मी सांगितलं. त्याच्यासमोर हे शब्द मी पहिल्यांदाच उच्चारले.  तो घरापर्यंत सोबत आला.

‘शब्द टळत नाही’च्या उरलेल्या प्रती मी चुलीत घातल्या. लिहिणं सोडलं नाही. देव पुढचं पाहतो यावर माझा आजही विश्वास आहे. पण तो टेकडीवर गप्प उभा नाही. तो ओरडतो, कधी अक्षर न येणाऱ्या एखाद्या बाईच्या तोंडून, आणि थांबून ऐकतो, आपण काय म्हणतो ते. शरण जायचं म्हणजे तोंड मिटून घ्यायचं, असं मी समजत होतो. मावशी सगळं बोलून मग शरण गेली. तिच्या शरण जाण्यासाठी आणि त्या अडीच वर्षांसाठी मी रोज आभार मानतो, आणि त्यापुढे क्षमा मागतो.

डब्याचं काम अजून माझ्याकडेच आहे. कडक वचनंही मी घालतो, पण पुरती लिहून. चिठ्ठ्या चार बोटं रुंद कापतो आणि खालची अर्धी कोरी सोडतो.