खुर्चीचं पोलकं

"आजी, सात फुटी बाईचं पोलकं शिवशील का?" नातीनं फोनवर विचारलं. मला वाटलं, चेष्टा करतेय. तर नाही हो, तिला खुर्ची करायची होती! पुण्यात फर्निचरचं डिझाइन शिकलीय ती. खुर्चीची पाठ माणसापेक्षा उंच, हात म्हणजे फुग्याच्या दोन बाह्या, मागं ताटाएवढी बटणं. असल्या बाह्यांची फॅशन होती तेव्हा मी कुंडल गावात शिवणकाम करायचे, रोज तेच शिवत होते. म्हटलं, शिवते.

सांगाडा आणि फोम कुपवाडच्या एका वर्कशॉपात झाला. नातीनं हिरवा खण आणला, दुकानात होता तेवढा सगळा. तो रंग परत मिळणार नव्हता. मी टेप घेऊन खुर्चीभोवती फिरले, माप घेतलं आणि सवयीनं प्रत्येक शिवणीच्या आत तीन बोटं कापड जास्तीचं ठेवलं. आमच्याकडं पोलकं असंच शिवतात. बाई बाळंत होते, अंगानं भरते. मग शिवण उसवायची आणि तेच पोलकं सैल करायचं.

वर्कशॉपचा मालक हसला. "आवं मावशी, खुर्ची काय बाळंत हुनार हाय व्हय?"

"तू तुझं वेल्डिंग बघ," मी म्हटलं.

पोलकं चढवलं. काय बसलं होतं म्हणून सांगू, एक सुरकुती नाही! बटणं तेवढी राहिली होती. दुपारी टेम्पो यायचा होता, नातीच्या पहिल्या प्रदर्शनाला खुर्ची न्यायला. मालक म्हणाला, "बसून तरी बगू की," आणि धप्पकन बसला. गडी दणकट. टर्र! दोन्ही खांद्यांची शिवण गेली.

चूक माझीच. उभ्या बाईचं घ्यावं तसं मी रिकाम्या खुर्चीचं माप घेतलं होतं. माणूस बसला की फोम दबतो, कापड ओढलं जातं, हे मला सुचलंच नाही. चाळीस वर्षांत कुणी पोलक्यावर बसलं नव्हतं ना माझ्या!

मालक ओशाळला. "बाह्या काढून टाकू, पोरी. साधीच जाऊ दे."

नातीनं चक्क मान डोलावली. ते बघून मात्र माझं डोकं तापलं. बाह्या काढल्यावर राहिलं काय? तसल्या खुर्च्या मंगल कार्यालयात ढिगानं पडलेल्या असतात.

"टेम्पो आला तर थांबव," मी नातीला म्हटलं. मालक उठायला लागला. "तू कुठं निघालास? बस तिथंच."

"आवं, माजी कामं हायती."

"फाडलंस ना? आता माप दे."

तो बसलेला असतानाच खडूनं खुणा केल्या. मग शिवण उसवली, आतलं कापड सोडलं. डावा खांदा भागला. उजव्याला बोटभर कमी पडलं. हिरवा खण तर संपलेला. पिशवीतला लाल तुकडा काढला, तिकोनी कापला आणि बाहीच्या बगलेत जोडला, म्हणजे खांद्यावरचा ताण सुटतो.

"आजी, लाल दिसेल गं."

"दिसू दे. जोड दिसला म्हणून कुणी पोलकं टाकून देतं का?"

दाभणानं हातटीप घालता घालता बोटं सोलली. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मालकाला परत बसवलं, तर हा अंड्यांवर टेकावं तसा अलगद टेकला.

"काका, मघाशी बसलात तसं बसा!" नात ओरडली.

धप्प. आम्ही तिघंही कान देऊन राहिलो. काही आवाज नाही.

"उचला," नात म्हणाली. तिनं स्वतः खुर्चीचा एक पाय धरला. बटणं तशीच राहिली होती. मी दाभण, दोरा घेतला आणि टेम्पोत जाऊन बसले.