लव्हाळ्याचा सहावा ठिपका

"गवत आहे ते, गवत! तेही बावीस वर्षांपूर्वी वाळलेलं!" शर्टाला इस्त्री करता करता नवरा ओरडला. "आणि निवृत्तीला आठ दिवस उरले असताना तू त्याच्यापायी स्वतःचं नाव घालवणार?"

"गवत नाही, लव्हाळा," ती म्हणाली. "दांडा बोटांत फिरवला की तीन धारा लागतात."

"ऐकलंस आई? आता माझी शिकवणी!"

सासूबाई मटार सोलत होत्या. "अरे, पण झालंय काय?"

कालपासून तिसऱ्यांदा तिनं सांगायला घेतलं. खुर्चीत बसली, उठली, पुन्हा बसली.

वनस्पतींच्या संग्रहात सव्वीस वर्षं ती वाळलेली रोपं जाड कागदावर चिकटवत होती. खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी: कुठं सापडलं, कधी, कोणी उपटलं. तिथं सगळे तिला डिंकताई म्हणत. डिंकताईचा हात लागला की पान मोडत नाही आणि चूक होत नाही, असा लौकिक.

विभागाच्या बाईंनी एका दुर्मिळ लव्हाळ्याच्या साऱ्या नोंदी जमवून नकाशा केला. सगळ्या मुलखात सहा ठिपके. पाच ठिकाणी आता घरं उभी राहिलेली. सहावा वरच्या तळ्याचा, डिंकताईनं चिकटवलेल्या कागदावरून घेतलेला. तळ्याला कुंपण घालायचं ठरलं. बाई दोनदा जाऊन आल्या, पण लव्हाळा काही दिसेना. तेव्हापासून डिंकताईच्या जिवाला घोर. काल तिनं तो कागद काढून भिंगाखाली धरला. मुळांत विटांचा लाल चुरा! तळ्याची माती तर काळी कुळकुळीत. तो काळा चिखल निघाला भलत्याच कागदावर, जिथं चिठ्ठी वीटभट्टीमागच्या डबक्याची आणि रोप साध्या लव्हाळ्याचं.

"चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली." तिनं आरशासमोरच्या मुलीकडं बोट दाखवलं. " त्या दिवशी हिच्या शाळेला सुट्टी, म्हणून हिला कामावर नेली होती. हिनं पंखा लावला, चिठ्ठ्या उडाल्या. मी अंदाजानं लावल्या."

"वा! म्हणजे खापर माझ्यावर!" केस विंचरत मुलगी म्हणाली.

"तू चार वर्षांची होतीस. छत्तीसची मी होते."

"माझ्या भाजीत मिठाची चूक रोज काढतेस," सासूबाई म्हणाल्या, "निघाली ना तुझीही चूक!" आणि त्यांनी एक मटार तोंडात टाकला.

नवऱ्याला हसू आलं नाही. "निरोपाला माझे दोन्ही भाऊ येणार आहेत. भाषणात साहेब काय सांगतील? थोडं थांब की."

"काल संध्याकाळी डबक्यावर जाऊन आले मी. अर्धं बुजवलंय. उरलेल्या कडेला लव्हाळा फुललाय. उद्या तिथंही भराव पडणार."

"मग सांग की, सहज फिरताना दिसला. जुन्या चिठ्ठीचं कशाला काढतेस?"

हे मात्र तिच्याही मनात रात्रभर येऊन गेलं होतं. ती खिडकीशी गेली, परत आली.

"तळ्यात आहेच की, मग इथला कशाला राखायचा, असं म्हणतील. तळ्यात नाहीच, हे माझ्याशिवाय कोण सांगणार?"

"अगं पण सव्वीस वर्षं..."

तिनं पायांत चपला सरकवल्या.

"मी बाईंच्या घरी जातेय. चिठ्ठ्या मीच उलट लावल्या, असं सहीनिशी लिहून देणार आहे. भावांना यायचं तर येऊ देत. जेवायला माझी वाट बघू नका."