विमानाच्या मैदानाचं बारसं

आधी चहा संपवा बघू. मी जे सांगणार आहे ते ऐकताना घोट घशात अडकला, तर दोष पुन्हा माझ्यावरच यायचा! फजित्या मी जन्मात पुष्कळ केल्या. पण आभाळातून बघितली गेलेली फजिती ही एकच.

आमच्या शेजारी नरहरी राहतो. सरकारी बांधकामावर ओव्हरसियर आहे. गुणी हो, पण बोलतो फार हळू. त्यामुळं मला दोन घरांमधल्या गडग्याला अगदी कान लावून उभं राहावं लागतं. एके सकाळी तो बायकोला सांगत होता, की घरांमागच्या सड्यावर विमान उतरायचं मैदान होणार. सडा म्हणजे आमचा जांभ्या दगडाचा उघडा माळ, झाड ना झुडूप. रत्नागिरीत आगगाडीचं तोंड अजून कुणी बघितलेलं नाही, आणि एकदम विमान!

"आणि मैदानाला नाव मुंबईच्या बड्या साहेबाच्या मडमेचं द्यायचं म्हणतायत," नरहरी म्हणाला.

"मडमेचं? ते कशाला मेल्या?" मी ओरडलेच.

"काकू! तुम्ही ऐकताय होय?"

"छे रे, तुळशीला पाणी घालत्ये."

"तुळस तुमच्या पुढल्या दारी आहे."

"ते राहू दे! ती मडम आपल्या सड्यावरून एकदा तरी चालली आहे काय? नाव द्यायचं तर वाटवाल्याचं द्या!"

वाटवाला म्हणजे आमच्या सड्याचा राखणदार. तिन्हीसांजेला कुणी वाट चुकलं, की अंगावर घोंगडी, हातात काठी असा एक उंच म्हातारा पुढं चालायला लागतो. मागं बघत नाही, बोलत नाही. तुमच्या बेड्यापर्यंत, म्हणजे कुंपणाच्या दारापर्यंत, सोडतो आणि नाहीसा होतो. मी स्वतः एकदा त्याच्या काठीच्या आवाजामागून घरी आल्ये. तो वाटवालाच होता की पुढं चाललेलं कुणाचं ढोर, ते मात्र आजवर तपासलेलं नाही.

सड्याच्या कडेला त्याचा शेंदूर लावलेला धोंडा आहे. वाटवाल्याचं म्हणून सोडलेल्या जागेत वहाणा घालून शिरायचं नाही, आणि त्याचा कौल घेतल्याशिवाय तिथला खडाही हलवायचा नाही. हे मला परकरी वयापासून ठाऊक. आणि नेमकं हेच विसरले! पण ते पुढं.

"सरकारी मैदानाला भुताचं नाव? कोण ऐकणार, काकू?" नरहरी हसला.

झालं! मला कुणी असं हसलं की माझ्या अंगात येतं. मराठी चौथी शिकलेली आहे मी, तीसुद्धा पहिल्या नंबरानं. (वर्गात आम्ही दोघीच होतो, ते सोडा.) स्वतः अर्ज लिहिला. विमानवालाही वाटसरूच की नाही? तोही परक्या मुलखात वाट शोधत येणार. मग वाट दाखवणाऱ्याचं नाव नको, तर कुणाचं हवं? दारोदार फिरले. अंगठे घेता घेता शाई संपली, तर काजळ लावून घेतले. चार वेळा कचेरीत जाऊन बसले. पाचव्या वेळी मला बघून शिपायानं कपाळावर हात मारलान, पण अर्ज मंजूर!

मंगळवारी सड्यावर पाटी रोवली. 'वाटवाला मैदान.' शुक्रवारी मुंबईहून खुद्द साहेब विमानातून पाहणीला येणार. मैदानाच्या मधोमध दगडांचा एक ढीग तेवढा उचलायचा राहिला होता.

बुधवारी सकाळी नरहरी गडग्याशी आला. चेहरा पांढराफटक.

"काकू, गडी काम करत नाहीत. मैदानाबाहेर वहाणा काढून बसलेत."

मी तशीच धावले. धोंडू मुकादम पाटीकडं बघून हात जोडून बसलेला.

"काय रे धोंडू, उठ की!"

"काकू, कालपावेतो त्याचा योक धोंडा व्हता. आता तुमी सगला सडा त्याचा केलांत. कौलाबिगर खडा नाय हलायचा."

"अरे, ते नुसतं नाव आहे!"

"नाव काय नुसतं असतं, काकू?"

नाव म्हणजे नुसतं नाव नव्हे, हे अर्जात मीच तर लिहिलं होतं!

"साहेबाला मैदान तयार दिसलं नाही तर माझी नोकरी गेली," नरहरी म्हणाला. यावेळी तो हळू बोलला, तरी मला अगदी स्वच्छ ऐकू आलं.

"रडू नको. गाठ मी मारली, सोडवीनही मीच."

गुरवाला बोलावलं. त्यानं धोंड्याला दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्यान. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. बुधवार गेला, गुरुवार गेला. एकही पडेना! मी धोंड्यासमोरून हलले नाही. नारळ झाले, विड्या झाल्या, शेवटी वाटवाल्याला दम दिला. शुक्रवारी सकाळी उजवी पाकळी टपकन पडली!

"कौल दिलान!" गुरव म्हणाला. "पण ज्यानं नाव घातलान, त्यानंच पाव्हण्याला वाट दाखवायची. काठी घेऊन, घोंगडी घेऊन."

गडी ढिगावर तुटून पडले. मी घरी पळाले. काठी मिळाली, घोंगडी मिळेना. आमच्या ह्यांनी मुंबईहून आणलेलं एक कांबळं होतं, लालभडक. तेच घेतलं. वाटवाला काय रंग बघत बसणार?

परतले तो घरघर सुरू! ढीग अजून अर्धा तसाच. मी मैदानाच्या टोकाला उभी राहिले आणि कांबळं फडकवायला लागले. "या हो पाव्हणे, याऽऽ!"

विमान खाली आलं, आणि भुर्रकन वर गेलं. वाटलं, बिचारा बुजला. मी आणखी जोरानं फडकवलं. तो आणखी वर. तिसऱ्यांदा तर मी उड्या मारल्या! विमान सरळ समुद्राकडं निघून गेलं.

नरहरी तापलेल्या दगडावरून अनवाणी नाचत आला. "काकू, कांबळं खाली!"

"अरे, पाव्हणा चाललाय!"

"लाल म्हणजे थांब! आगगाडीला लाल निशाण दाखवून थांबवतात!"

"आगगाडी आहे कुठं आपल्याकडं?"

विमान समुद्रकाठी, भाट्याच्या वाळूत उतरलं. ओहोटी होती म्हणून. तासाभरात साहेब मोटारीनं सड्यावर हजर. नरहरीला घाम फुटलेला. मी पुढं झाले, म्हटलं, "सायेब, चूक माझी." त्याला मराठी कुठलं कळायला? त्यानं उरलेला ढीग बघितलान, माझं कांबळं बघितलान, आणि नरहरीचा हात धरून गदागदा हलवलान. नरहरीनं मागाहून सांगितलान, साहेब म्हणत होता, ह्या दगडांवर उतरलो असतो तर मेलो असतो. तू लाल निशाण देऊन माणूस उभा केलास, शाबास!

नरहरी खाली मान घालून उभा. नोकरी शाबूत. मी कांबळ्याची घडी घातली आणि गप्प घरी आले.

साहेबाला वाळूच पसंत पडली. सड्यावर परत कधी विमान फिरकलं नाही. पाटी वाळवीनं खाल्लीन. नाव मात्र पक्कं झालं, पण वाटवाल्याचं नव्हे.

परवा सड्यावरून येत होते. हातात काठी, थंडी म्हणून तेच कांबळं अंगावर. समोरून धोंडू आणि एक नवा गडी. मला बघितल्याबरोबर त्या गड्यानं घाईघाईनं वहाणा काढल्या आणि हात जोडलेन! मी धोंडूकडं बघितलं, म्हटलं आता हा खरं काय ते सांगेल.

धोंडू त्याला म्हणाला, "बाजूला हो रे. कांबलवालीचा सडा म्हंत्यात तो हाच. आन् ही ती, इमान परत धाडणारी!"