पिल्लाच्या देवी

नेरच्या मोटारीत माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याचं नाव विचारायचं राहून गेलं. माझ्या पिशवीत कुत्र्याचं पिल्लू होतं, गळ्यात कडुनिंबाचा डहाळा. पिल्लू आणि मी देवीला नारळ फोडायला निघालो होतो.

"काय झालं याले?"

"देवी आल्या. पोटभर पिकले फोड आहेत. सासूबाईंनी याची आंघोळ अन् घरातली फोडणी, आठ दिवसांपासून दोन्ही बंद केलंय."

त्यानं धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला, पिल्लू उताणं केलं आणि वाकून पोट हुंगलं. पिल्लानं चष्मा चाटला. त्यानं तो पुन्हा पुसला.

"बाई, देवी माणसाले येते. हे मळानं पिकलं. याले साबणानं धुवा," तो म्हणाला, "अन् वरणाले फोडणी द्या."

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी दोन्ही केलं, पण आधी फोडणी दिली.