पापणीखालचं रगत

आमच्या मोठ्याईंना ‘नाही’ म्हणणारा माणूस गेवराई तालुक्यात अजून जन्माला यायचा आहे, आणि तो आलाच तर त्याच्या आईला डिंकाचे लाडू मोठ्याईंनीच चारलेले असणार. मोठ्याई म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या चुलत्यांची बायको, माझी चुलत सासू. अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत एकट्या राहतात. मोठे काका जाऊन बरीच वर्षं झाली आणि मूलबाळ नाही. उंची जेमतेम माझ्या खांद्याएवढी, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, आणि आवाज असा की स्वयंपाकघरातल्या आमटीत मीठ कमी पडलंय हे आमच्या पाइप-मोटारींच्या दुकानातल्या गिऱ्हाइकालाही कळावं. समोर कुणीही येवो, मोठ्याई आधी त्याच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढतात, आत डोकावतात आणि निकाल देतात, “रगत न्हाई तुझ्यात.” एकदा बीडला जाताना त्यांनी एसटीच्या कंडक्टरची पापणी भर गाडीत ओढली, “लई पांढरा हायस बाबा,” म्हणून मूठभर खारका त्याच्या हातावर ठेवल्या आणि समोर उभं करून खायला लावल्या. बिचारा तिकिटाचं मशीन काखेत धरून चावत राहिला. तेव्हापासून त्या गाडीत मोठ्याईंना पुढची जागा मिळते.

लग्नाला काही वर्षं होऊनही माझ्या घरी पाळणा हलेना, तेव्हा या बाईंनी मला ताब्यात घेतलं. सकाळी डिंकाचा लाडू, दुपारी अळिवाची खीर, संध्याकाळी तुपात तळलेल्या खारका, आणि सोमवार आला की कपिलधारच्या तीर्थाची वारी. धबधब्याखाली मला उभी करून स्वतः काठावरून ओरडायच्या, “डोकं बुडू दे, डोकं!” माझी पाळी मुळातच दोन-दोन महिने दडी मारणारी, लाडवांनी ती आली नाहीच, ब्लाउज मात्र सगळे उसवावे लागले. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा भयंकर राग यायचा. शेवटी मी शिकवते त्या शाळेतून अर्धी रजा टाकून परस्पर बीडच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. रक्त, सोनोग्राफी, सगळं झालं. निघालं ते असं की थायरॉइड थोडं बिघडलेलं, पीसीओडी आहे, साखर सीमेवर येऊन बसलेली, आणि त्यामुळे दर महिन्याला अंडं वेळेवर बाहेरच पडत नाही. “गोड बंद,” बाई म्हणाल्या, “लाडू तर आधी बंद. रोज चालायचं. आणि पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या. त्यांचीही तपासणी लागेल.”

लाडू बंद हे मोठ्याईंना सांगायचं कसं, या धास्तीनं मला रात्री धड झोप लागली नाही. सकाळी डबा पुढे आला तेव्हा एका दमात सांगून टाकलं. मोठ्याईंनी डब्याचं झाकण हळूच लावलं. त्यांनी काही हळू केलेलं बघायची घरात कुणालाच सवय नाही, त्यामुळे मीच घाबरले. मग म्हणाल्या, “म्हंजे मीच तुला इख चारत व्हते व्हय?” आणि पुढच्या आठवड्यात माझ्याआधी तयार होऊन अंगणात उभ्या. डॉक्टरीणबाईंना त्यांनी घाम फोडला. हार्मोन म्हणजे काय, ते कुठून निघतं, कुठं जातं, लाडवाशी त्याचं काय वाकडं आहे, सगळं खोदून विचारलं आणि परतल्यावर गल्लीतल्या बायकांना ओट्यावर बसवून शिकवलं, “हार्मोन म्हंजे निरोप. डोक्यातनं निरोप निघतो, पोटात पोचतो. साखर लई झाली की निरोपात गडबड, मग बी येळेवर सुटत न्हाई.” शुद्ध शाकाहारी लिंगायताच्या ओट्यावर अंड्याचं नाव कसं घ्यायचं, म्हणून ‘बी’.

त्या दिवसापासून जुलूम उलटा फिरला. माझ्या घरातला साखरेचा डबा त्या सरळ उचलून घेऊन गेल्या, त्यात सासूबाईंचा चहाही बुडाला. ताटात मटकीची उसळ, करडईची भाजी, ज्वारीची भाकरी, वर दह्याची वाटी. पहाटे मला हायवेच्या कडेनं चालायला नेत आणि वाळूचा ट्रक अंगावरून गेल्यासारखा गेला की मागे वळून ड्रायव्हरच्या सात पिढ्यांची विचारपूस करत. आपणही बिनसाखरेचा चहा पिऊ लागल्या. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, “तू एकटीनं कडू का म्हून प्यायचं?” त्या वाक्यावर माझा राग जो गेला तो परत आला नाही. ब्लाउज पुन्हा आत घेतले, पाळी ताळ्यावर आली, डॉक्टरीणबाई खूश झाल्या. दिवस मात्र राहिले नाहीत.

आणि नवरा तपासणीला येईना. माणूस वाईट नाही. माझ्या सुया टोचून झाल्या की गाडीवर शहाळं आणून देणारा. पण तपासणीच्या बाटलीचं नाव काढलं की दाढेत तंबाखू सरकवायचा आणि म्हणायचा, “मला काय झालंय? धडधाकट हाय की.” इकडे सासूबाईंच्या भावानं परळीकडची एक मुलगी ‘नुसती बघून ठेवली’ होती. मला ऐकू जाईल अशा बेतानं सासूबाई फोनवर म्हणाल्या, “दिवाळीपर्यंत वाट बघू, मग काय ते ठरवू.” घर माझं होतं, माणूस माझा होता, आणि दोन्हींवर माझ्या देखत दुसरीचं नाव लिहायची तयारी चालली होती. नवरा हे ऐकून खाली बघायचा. त्या खाली बघण्याची मला जेवढी भीती वाटली तेवढी त्या मुलीची वाटली नाही.

अशात नणंदेचं डोहाळजेवण आमच्याकडे आलं. घरातल्या प्रत्येक डोहाळजेवणाचं पुरण मोठ्याईच घालतात आणि एकाही डोहाळजेवणाच्या बैठकीत त्या कधी आलेल्या नाहीत. ‘त्यांना स्वयंपाकातच बरं वाटतं,’ असं सगळे म्हणतात, मीही म्हणायचे. त्या दिवशी ओट्या भरायला सुरुवात झाली, मी नारळ घेऊन पुढे झाले, तर सासूबाईंनी माझ्या हातातलं ताट अलगद काढून घेतलं. “तू आत जा गं. मोठ्याईंना हातभार लाव.”

मी आत गेले. ओट्यापाशी उभी राहिले. मोठ्याईंनी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं, मग तोंडाकडे. पुरण रटरटत होतं. त्यांनी गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि माझा दंड धरून थेट बैठकीत आल्या. गाणं म्हणणाऱ्या बायका मधेच थांबल्या. मोठ्याई पलीकडे ओसरीवर पाहुण्यांत बसलेल्या माझ्या नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. “ऊठ. उद्या बीडला जायाचं. तुझी तपासणी.”

“मोठ्याई, आता हितं...”

“हितंच! तिनं सुया टोचून घेतल्या, गोड सोडलं, माझ्यासारख्या म्हातारीमागं पहाटंचं पळाली. तुला एक बाटली देता येत न्हाई? आणि तुमी दुसरी आणायला निघालाव! तिलाबी असंच आत धाडताल?” सासूबाई काहीतरी म्हणू लागल्या, तशा त्यांच्याकडे वळल्या, “हा हो म्हणंस्तोवर माझा गॅस बंद हाय. पावणे उपाशी गेले तर जाऊ द्या.”

ओसरीवर पुरणपोळीच्या आशेनं बसलेल्या समस्त पाहुण्यांनी माझ्या नवऱ्याकडे असं बघितलं, की त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पापणी ओढायची गरजच नव्हती. “जातो,” तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, “जाऊ आपण.” मोठ्याई आत गेल्या. गॅस पेटल्याचा आवाज बाहेर ऐकू आला.

त्याच्या रिपोर्टमध्ये दोष निघाला. शुक्राणूंची संख्या कमी, चालही मंद. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की घाबरण्यासारखं नाही, तंबाखू सोडा, औषध घ्या, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. नवरा औषधं आणायला खाली उतरला. मी पर्स आवरत होते, तेवढ्यात आमच्याबरोबर आलेल्या मोठ्याईंनी खुर्ची जराशी पुढे ओढली आणि मी कधी ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात विचारलं, “बाई, आता माझी तपासणी केली तर कळंल का वं, कमी माझ्यात व्हती का मालकांत?”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “आता नाही कळणार, मावशी.”

“तवा कळलं असतं?”

“हो.”

“मला लाडूच दिले सगळ्यांनी,” मोठ्याई म्हणाल्या. “त्यांना तर कुणी इचारलंबी न्हाई.” आणि उठल्या. जिन्यात मी त्यांचा हात धरला तर म्हणाल्या, “सोड, मी पडत न्हाई.” पण हात काढून घेतला नाही.

आमचं अजून काही नाही. नवऱ्याच्या खिशात तंबाखूच्या जागी बडीशेप असते आणि मोठ्याई दुकानात अचानक धाड घालून ती हुंगून बघतात. परळीचं नाव घरात पुन्हा निघालं नाही; नवऱ्यानं स्वतः मामाला फोन लावून तो विषय बंद करून टाकला. परवा नणंदेच्या मुलीचं बारसं झालं. मोठ्याई नेहमीप्रमाणे आत घुगऱ्यांना फोडणी देत होत्या, मी नारळ खवत होते. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग थोरल्या जावेला म्हणाल्या, “आक्का, पाळण्यापाशी हात कमी पडायलेत. तुमी या. हिलाबी आणा.”

बाळ मोठ्याईंच्या हातात दिलं तेव्हा आम्ही सगळ्या त्यांच्या अंगठ्याकडे बघत होतो. तो वर आला, गालापाशी आला आणि तिथंच थांबला. त्या नुसत्या बघत राहिल्या. मागून कुणीतरी “द्या आता इकडं” म्हणालं, ते त्यांना ऐकू गेलं नाही.

पंगती उठल्यावर मी त्यांना खोलीपर्यंत सोडायला गेले. दारात थांबल्या, कपाळाला हात लावला. “अगं बाई,” म्हणाल्या, “पोरीचं रगत बघायचं राहिलंच की.”